वजन मैत्रिणीचं जास्त, मग चरबी माझ्याच रक्तात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. गोव्यात हरमलच्या एका योगकेंद्रात तुम्ही स्वयंपाकघर सांभाळता. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३१, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. त्याच केंद्रात दरवर्षी येणारी तुमची लंडनची मैत्रीण, जिचे आईवडील घानाचे, ८८ किलोची आहे आणि तिचे ट्रायग्लिसराइड फक्त ८४. तिथली रशियन शिक्षिका ७८ किलोची, तिचेही आकडे जागेवर. "त्या दोघींपेक्षा मी कमी खाते. हुमणातला (माशांच्या कालवणातला) नारळसुद्धा बंद केला. आमच्या रक्तातच काही खोट आहे का?" असं तुम्ही विचारलंय.

खोट नाही. पण फरक खरा आहे, तो मोजलेला आहे, आणि तो समजला तर तुमचा अर्धा त्रास कमी होईल असं मला वाटतं. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

मी डॉक्टर नाही. म्हापशात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन होते. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बाहेर काढली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर सीरम राहतं. ते किंचित पिवळसर असतं, आणि नळीच्या पलीकडे धरलेलं बोट दिसावं इतकं स्वच्छ. ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले असले की तेच सीरम नारळाच्या दुसऱ्या रसासारखं पांढुरकं येतं. मशीनने आकडा द्यायच्या आधीच कळायचं. सुरुवातीला मला वाटायचं, ही नळी कुणा धिप्पाड माणसाची असणार. मग रिपोर्ट न्यायला माणूस यायचा तो बारीक हातापायांचा, गालफडं बसलेला, फक्त शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर ताण आलेला. बायकांमध्येही तेच. मनगट इतकं बारीक की बांगडी सहज चढावी, आणि पोट मात्र पुढे.

हे असं का होतं ते कणगीवरून, म्हणजे भात साठवायच्या मोठ्या टोपलीवरून, सांगते. जेवणातून आलेली आणि यकृताने तयार केलेली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तातून फिरते. ती साठवायची मुख्य जागा म्हणजे कातडीखालचा चरबीचा थर: मांड्या, नितंब, दंड. रक्तवाहिनीच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते ट्रायग्लिसराइड फोडून पेशींना आत घेऊ देतं. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की कणगीचं दार बंद राहतं, आतलं बाहेर येत नाही. रात्री उपाशीपोटी इन्सुलिन उतरलं की दार उघडतं, फॅटी ॲसिड बाहेर पडतात आणि स्नायू ती जाळतात. भरणं आणि उपसणं असं दिवसभर चालू असतं. चरबीचा चयापचय म्हणजे मुख्यतः एवढंच.

आता कणगी लहान असेल तर? पीक तेवढंच आलं तरी ती लवकर भरते आणि उरलेलं भात ओसरीवर, माजघरात, मिळेल तिथे ओतावं लागतं. शरीरात ही ओसरी म्हणजे पोटातल्या आतड्यांभोवतीची जागा, यकृत आणि स्नायू. पोटातल्या चरबीतून सुटलेली फॅटी ॲसिड थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृत ती किती साठवणार? ते त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. मग ट्रायग्लिसराइड चढतात, त्यांच्याबरोबर एचडीएल घसरतं, इन्सुलिनचा जोर चालेनासा होतो, आणि इन्सुलिन चालेनासं झालं की कणगीचं दारही नीट बंद राहत नाही. तुमच्या कागदावरचे तीन आकडे, म्हणजे २३१, ३६ आणि यकृतावरची चरबी, हे एकाच घटनेचे तीन साक्षीदार आहेत.

आपल्याकडच्या लोकांची, म्हणजे दक्षिण आशियाई म्हणून ज्यांचा अभ्यास झाला त्यांची, कातडीखालची ही साठवणीची जागा सरासरीने लहान असते आणि चरबीच्या पेशी लवकर फुगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघेही मधुमेहाचे संशोधक. त्यांनी स्वतःचीच मापं २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघं पुरुष आहेत हे खरं, पण मुद्दा तोच राहतो. काटा दोघांना सारखं म्हणतोय, आतलं शरीर वेगळं आहे.

आणि हे पोटातच सुरू होतं, आईच्या पोटात. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. हात बारीक, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र त्या मानाने राखलेली. हडकुळं दिसणारं, पण प्रमाणात चरबी जास्त असलेलं बाळ. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरात गरोदर बाईला सांगितलं जाणारं "पोट मोठं होईल, बाळ जड होईल, कमी जेव" आठवलं आणि फार वाईट वाटलं. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी सगळ्यांना वाढून उरलं तेवढं खाल्लं, त्यांच्या पोटी स्नायू कमी असलेली बाळं जन्मली तर दोष कुणाच्या रक्ताला द्यायचा?

आता तुमच्या रशियन शिक्षिकेकडे येऊ. तिची उंची तुम्ही १७० सेंटिमीटर दिलीय. म्हणजे तिचा बीएमआय २७, आणि तुमचाही २७ला किंचित वरच. काट्यावर १२ किलोंचा फरक दिसतो, पण उंचीच्या हिशेबात तुम्ही दोघी एकाच पायरीवर आहात. मात्र त्या पायरीचा अर्थ दोघींना वेगळा लागू होतो. इंग्लंडमध्ये जवळजवळ १५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली एक मोठा अभ्यास छापून आला. गोऱ्या लोकांना बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई लोकांना २३.९ वरच असतो, असं त्यात निघालं. चिनी लोकांना २६.९ वर, कृष्णवर्णीयांना २८.१ वर. भारतात तर तज्ज्ञांनी त्याआधीच, २००९ साली, २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा अशी रेघ ओढली होती. बायकांच्या कंबरेची रेघ ८० सेंटिमीटर. तुमच्या रिपोर्टच्या मागे छापलेला तक्ता २५ आणि ३० चा असेल तर तो तुमच्यासाठी आखलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

लंडनच्या मैत्रिणीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचा चांगला रिपोर्ट तुम्ही चांगला म्हणून मोजताय.

आफ्रिकी वंशाच्या बायकांमध्ये तेवढ्याच वजनाला पोटातली चरबी सरासरीने कमी आणि कातडीखालची जास्त असते. कणगी मोठी. यकृतही त्या मानाने मोकळं राहतं. अमेरिकेत डॅलस शहरात २,२०० हून अधिक लोकांचं यकृत स्कॅन करून २००४ साली आकडे मांडले गेले: हिस्पॅनिक लोकांत ४५ टक्क्यांच्या यकृतात जादा चरबी, गोऱ्यांत ३३, कृष्णवर्णीयांत २४. पुढे २००८ मध्ये त्याच अभ्यासातून पीएनपीएलए३ या जनुकातला एक बदल सापडला, जो यकृतात चरबी साठू देतो; तो हिस्पॅनिक लोकांत सगळ्यात जास्त आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सगळ्यात कमी आढळला. म्हणजे यात जनुकांचा वाटा आहेच.

पण खरी मेख पुढे आहे. गोऱ्या किंवा आपल्यासारख्या बाईत इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की लायपोप्रोटीन लायपेजही मंदावतं आणि ट्रायग्लिसराइड चढतात. ते एक प्रकारची घंटा वाजवतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत इन्सुलिनला दाद मिळत नसतानाही हे एन्झाइम बरंचसं चालू राहतं, रक्त साफ होत राहतं, ट्रायग्लिसराइड नॉर्मल दिसतात. घंटा वाजतच नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, आणि तरीही ट्रायग्लिसराइड कमी. संशोधक याला विरोधाभास म्हणतात. तुमच्या मैत्रिणीची उंची १६८ धरली तर बीएमआय ३१ च्या पुढे जातो, म्हणजे २८.१ ची तिची रेघ तिनेही ओलांडलीय. तुमचं शरीर ओरडून सांगतंय आणि तिचं गप्प आहे, इतकाच फरक असू शकतो.

आता "आम्ही असेच, आमच्या अंगात चरबी जळतच नाही" असं मनाशी धरू नका. चरबी जाळण्याचं काम मुख्यतः स्नायूंचं, आणि स्नायू शिकवलं तसं शिकतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या स्नायूंत चरबी जाळायचा वेग गोऱ्या बायकांपेक्षा कमी आढळला होता. २००६ च्या एका अभ्यासात दोन्ही गटांतल्या बायकांकडून फक्त १० दिवस दम लागणारा व्यायाम करून घेतला, तर दोन्हीकडे तो वेग वाढला. वंशाने मिळालेली गोष्ट दहा दिवसांत हलते, तर ती कपाळावरची रेघ कशी म्हणायची? शिवाय "दक्षिण आशियाई" या एका शब्दात पेशावरपासून कोलंबोपर्यंतची माणसं कोंबलेली असतात. पेडण्यात कमरेतून वाकून भात लावणारी बाई आणि पणजीत आठ तास काउंटरमागे बसणारी बाई यांच्या शरीरांतला फरक कुठल्याही दोन वंशांतल्या सरासरी फरकाहून मोठा निघू शकतो. सरासरी ही तपासणी लवकर करण्यासाठी वापरायची, माणसाचा निकाल लावायला नाही.

माझ्या आईचं सांगते. वजन ५२ किलो, आयुष्यभर. कुणीही पाहिलं की म्हणायचं, काटक आहे. गुडघा दुखतो म्हणून ती एका डॉक्टरांकडे गेली तेव्हा मी भीतभीत विचारलं होतं, साखर बघूया का. ते म्हणाले, "एवढ्या बारीक बाईला कसली साखर!" मी गप्प बसले. दोन वर्षांनी परसात पायाला फांदी लागली आणि दीड महिना जखम भरेना, तेव्हा साखर पाहिली. तीनशेच्या वर. मी रोज कितीतरी लोकांचं रक्त तपासत होते, आणि घरातल्या बाईचं एक नळीभर रक्त मी काढलं नव्हतं. तिची कंबर मी कधी मोजली नव्हती. आज मोजायला ती नाही. म्हणून असे प्रश्न दिसले की मला उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आणि गोव्यात तर हे राहवूच नये. २०२३ साली आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४. सगळ्या राज्यांत पहिला नंबर. प्रौढांतला दर चौथा माणूस.

तुमच्या जेवणाबद्दल बोलू. तुम्ही नारळ बंद केलात, पण सकाळची पातळ भाजी आणि तीन पाव, दुपारी शीत-कडी (शीत म्हणजे भात), चारला गोड चहाबरोबर कडक बटर बिस्किटं, रात्री पुन्हा शीत, हे तसंच आहे असं तुमच्याच यादीत दिसतं. ट्रायग्लिसराइड नावात चरबी असली तरी ती सगळी तेला-नारळातून येत नाही. मैदा, भात आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत त्यांची चरबी घडवतं, आणि उपाशीपोटी मोजलेल्या ट्रायग्लिसराइडमध्ये तीच मोठ्या प्रमाणावर दिसते. नारळ मोकाट खा असं मी म्हणत नाही, त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढू शकतं. पण हुमणापुरता नारळ परत आणा आणि त्याऐवजी पाव तीनाचा एक करा. पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, कोंड्याची पोई मिळते, ती घ्या. ताटात बांगडा, तारले जास्त, शीत कमी. माशांतलं तेल ट्रायग्लिसराइड उतरवायला मदतच करतं, फक्त रव्यात घोळून तेलात सोडू नका. शिवराक, म्हणजे शाकाहार, असेल त्या दिवशी अळसांदे (चवळी), मूग. तुम्ही स्वयंपाकघर सांभाळता, म्हणजे चव बघता-बघता दिवसभर तोंडात काहीतरी जातं, त्याचाही एक आठवडा हिशेब लिहून बघा.

योग चांगला, सोडू नका. पण तुम्हाला दम लागेल असं चालणं हवं, आणि जोर लावायचं काम हवं, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. आपल्याकडे स्नायू मुळात कमी, म्हणून तो वाढवणं आपल्याला जास्त लागू पडतं. हरमलच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अर्धा तास झपाझप चालता येतं, यासाठी पैसे पडत नाहीत. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतरची साखर खाली राहते.

वजन उतरलं नाही तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दोन महिन्यांनी विचाराल. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं तपासलं. निकाल २००६ साली आले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला होता त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांना चालायला आणि जेवण बदलायला लावलं त्यांच्यात ३९.३ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन जवळजवळ हललंच नव्हतं! काटा जागेवर होता आणि आतलं शरीर सुधारत होतं. यकृतातली चरबी वजन पाच टक्के उतरलं तरी कमी होऊ लागते, तुमच्या बाबतीत ते साडेतीन किलोंच्या आत बसतं. तेवढं झालं तर उत्तम, पण तुम्ही काट्यापेक्षा टेपवर डोळा ठेवा.

टेप लावायची जागा मात्र नीट समजून घ्या, इथे बहुतेक बायका चुकतात. परकराची नाडी बांधतो ती जागा म्हणजे कंबर नाही, ती पोटाच्या बरीच खाली असते. सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कुशीचं हाड चाचपा, या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप आडवी फिरवा. श्वास सहज सोडलेला, पोट आत ओढलेलं नाही, टेप रुतलेली नाही. तो आकडा दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

रिपोर्टबद्दल एक शंका. तुमची तपासणी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) तिसऱ्या दिवशी झालेली दिसते. ट्रायग्लिसराइड हा आकडा भारी चंचल, आदल्या दिवसांच्या खाण्याने हलतो. चवथीच्या आठवड्यात, नेवऱ्या-लाडूंनंतर, आमच्या लॅबमध्ये ते सगळ्यांचेच चढलेले दिसायचे. सहा आठवड्यांनी रोजचं साधं जेवण चालू असताना, बारा तास उपाशीपोटी पुन्हा करा. सोबत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइड. थायरॉइड मंदावलं तरी रक्तातली चरबी वाढते, आणि चाळिशीतल्या बाईत ते तपासायलाच हवं. पाळी अनियमित होऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या वयात मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकू लागते. गोळ्या लागतात की नाही ते त्यांना ठरवू दे.

आणि तुमची मैत्रीण या हंगामात परत आली की तिला ट्रायग्लिसराइड विचारू नका. तिचा रक्तदाब तुमच्या स्वयंपाकघरात बसवून मोजा, आणि एचबीए१सीसाठी तिला तुमच्याबरोबर लॅबमध्ये घेऊन जा. दोघींची नळी एकाच दिवशी जाऊ दे.